औषधांची फेरी: उशीर कुठे चालतो आणि काय कधीच चालत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेडिकल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेकडे एका ड्युटीत पंधरा-सोळा रुग्ण येतात. सकाळी आठच्या फेरीत निम्म्यांना शिरेतून इंजेक्शनं, चार-पाच जणांना इन्सुलिन, एखाद-दोघांना नाकातल्या नळीतून औषधं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम पाठ आहेत, हात धुण्याचा तक्ताही भिंतीवर आहे. पण सगळं पुस्तकाप्रमाणे करायला गेलं तर दहा वाजले तरी फेरी संपत नाही. मग घट्ट काय धरायचं आणि सैल काय सोडायचं?

सैल सोडता येते ती फक्त वेळ, आणि तीही सगळ्या औषधांची नाही. रुग्णाची ओळख, सिरींजवरचं लेबल, मात्रेचं गणित आणि हात स्वच्छ करण्याचे क्षण यांत तडजोड नाही. गंमत अशी की नवीन माणूस नेमकं उलटं करतो. आठचं औषध आठलाच गेलं पाहिजे म्हणून सगळ्यांच्या सिरींजा एकदम भरून ठेवतो, नाव न विचारता खाटेवरून ओळखतो आणि देण्याआधीच चार्टवर सह्या करून मोकळा होतो.

वेळेचा हिशोब आधी पाहू. दिवसातून एकदाच द्यायचं औषध साधारण दोन तास मागेपुढे झालं तर बिघडत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा द्यायच्या औषधाला एक तासाची मुभा धरतात. पण काही औषधं अर्ध्या तासाच्या आतच गेली पाहिजेत: जेवणाआधीचं इन्सुलिन, फिट्सची औषधं, पार्किन्सनच्या गोळ्या, ठरावीक अंतराने चालू असलेली तीव्र वेदनेची औषधं. सेप्सिसची (जंतुसंसर्गाने अवयव निकामी व्हायला लागण्याची) शंका असलेल्या रुग्णाचा प्रतिजैविकाचा पहिला डोस तर फेरीची वाट पाहतच नाही. तो लिहिला की लगेच द्यायचा. म्हणून फेरी पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत अशी करू नका. ओव्हर (आधीच्या ड्युटीकडून रुग्णांची माहिती) घेतानाच चार्टवरून ही चार-पाच नावं काढा, ती आधी उरका. मग दिवसातून दोन-तीन वेळा द्यायची औषधं नऊच्या आत संपवा. एकदाच द्यायच्या औषधांची राहिलेली फेरी साडेनऊपर्यंत लांबली तरी रुग्णाचं नुकसान होत नाही. तुमच्या रुग्णालयाने मुभा लिहून ठरवली असेल तर अर्थातच तीच पाळायची.

आता घट्ट धरायच्या गोष्टी.

एका वेळी एकच रुग्ण, एकच ट्रे. सेफ्ट्रायाझोन किंचित पिवळसर दिसतं, पण पँटोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन, सलाईन आणि पोटॅशियम क्लोराइड सिरींजमध्ये सारखीच पाण्यासारखी दिसतात. ट्रेमध्ये सहा सिरींजा भरून निघालात आणि मध्येच कोणी हाक मारली की परत आल्यावर कोणती कोणाची हे फक्त आठवणीवर उरतं. सिरींजवर रुग्णाचं नाव आणि नंबर, औषध, एकूण मात्रा किती मिलीमध्ये, भरल्याची वेळ आणि भरणाऱ्याची सही हवी. भरलेली सिरींज हातातून खाली न ठेवता लगेच त्याच रुग्णाला देत असाल तरच लेबलशिवाय चालतं. खाली ठेवली की लेबल हवंच. बिनलेबलची सिरींज दिसली तर ती कोणाची, आत काय असेल यावर चर्चा करायची नाही. टाकून द्यायची आणि नव्याने भरायची. कोणाच्या तरी सांगण्यावरून दुसऱ्याने भरलेलं औषध देणंही याच जातीचं. भरेल त्यानेच द्यायचं.

ओळख म्हणजे खाटेचा नंबर नव्हे. खिडकीशेजारची जागा रिकामी झाली की रुग्ण सरकतात, रात्रीतून खाटा बदलतात. पूर्ण नाव आणि रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, या दोन खुणा मनगटावरच्या पट्टीशी आणि चार्टशी जुळवायच्या. प्रश्न कसा विचारता यालाही महत्त्व आहे. 'तुम्ही शांताबाई ना?' असं विचारलं की कमी ऐकू येणारी, घाबरलेली किंवा गुंगीत असलेली बाई 'हो' म्हणते. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हटलं की उत्तर तिलाच द्यावं लागतं. बेशुद्ध रुग्ण आणि लहान मूल यांच्या बाबतीत पट्टी आणि सोबतचं माणूस. पट्टी नसेल तर आधी पट्टी, मग औषध.

ॲलर्जी रोज विचारा, आणि 'ॲलर्जी आहे का?' एवढंच विचारू नका. 'कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला असं कधी झालं का?' असं विचारलं की आठवतं. पेनिसिलिनची ॲलर्जी चार्टवर लाल शाईने लिहिलेली असते आणि तरी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दिलं जातं, कारण कंपनीच्या नावात 'पेनिसिलिन' कुठे दिसत नाही. व्हायलवरचं (रबरी बुचाच्या औषधाच्या बाटलीवरचं) बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचायची सवय इथे कामी येते.

ते वाचायचंही तीनदा: कपाटातून काढताना, भरताना, आणि रिकामी व्हायल टाकण्याआधी. डोपामिन आणि डोब्युटामिन शेजारी ठेवलेली असतात. अँप्यूलचा (फोडायच्या काचेच्या कुपीचा) रंग, आकार, टोपणावरून औषध ओळखणं ही अनुभवी हातांची वाईट खोड आहे. कंपनी बदलली की रंग बदलतो. चार्टवरच्या अक्षरातही सापळे असतात. इन्सुलिनच्या आकड्यापुढे 'युनिट' पूर्ण न लिहिता नुसतं इंग्रजी आद्याक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. '.५' मधला टिंब उडाला की ५ उरतात, '१.०' चे १० होतात. म्हणून एकाच्या आतल्या मात्रेला आधी शून्य हवं, पूर्णांकाच्या मागे टिंब आणि शून्य नको. फोनवरून ऑर्डर घ्यावीच लागली तर लिहून घ्या, वाचून दाखवा आणि आकडे सुटे बोला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर गोंगाटात सारखेच ऐकू येतात. पाच-नऊ आणि सहा-नऊ येत नाहीत.

गणित सोपं आहे, पण ते घाईत तोंडी करायचं नसतं. हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले ती जितक्या मिलीमध्ये आहे तेवढे मिली. जेंटामायसिन २ मिलीमध्ये ८० मिग्रॅ, ऑर्डर ६० मिग्रॅची: ६० भागिले ८०, गुणिले २, म्हणजे १.५ मिली. मोठ्यांमध्ये असली चूक बऱ्याचदा पचून जाते, मुलांमध्ये पचत नाही. बारा किलोच्या मुलाला पॅरासिटॅमॉल किलोला १५ मिग्रॅ म्हणजे १८० मिग्रॅ. ५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ असलेलं सिरप असेल तर ७.५ मिली, ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ असलेलं असेल तर साधारण ३.६ मिली. 'दीड चमचा द्या' एवढंच सांगितलं तर बाटली बदलताच मात्रा दुप्पट होते. त्याहून घातक गोंधळ शिरेतून द्यायच्या पॅरासिटॅमॉलचा. त्याच्या १ मिलीमध्ये १० मिग्रॅ असतं. ७५ मिग्रॅची ऑर्डर म्हणजे ७.५ मिली. कोणी मिग्रॅ आणि मिली एकच समजून ७५ मिली सोडलं तर बाळाला दहापट डोस जातो आणि यकृत धोक्यात येतं. एक साधी खूणगाठ ठेवा: एका डोससाठी दोनपेक्षा जास्त अँप्यूल फोडाव्या लागत असतील, किंवा उत्तर ०.१ मिलीच्या खाली येत असेल, तर थांबून दुसऱ्याकडून हिशोब करून घ्या.

पावडरच्या व्हायलमध्ये अजून एक बारकावा असतो. पावडरही जागा घेते. पूर्ण व्हायल द्यायची असेल तर फरक पडत नाही, पण बाळासाठी अर्धी-पाव मात्रा काढायची असेल तर पडतो. पावडर ०.२ मिली जागा घेत असेल तर एकूण ५ मिली होण्यासाठी ४.८ मिलीच पाणी घालायचं. हा आकडा औषधासोबतच्या माहितीपत्रकात दिलेला असतो.

इन्सुलिनबद्दल सविस्तर लिहायला हवं. बाजारात १ मिलीमध्ये १०० युनिट असलेलं इन्सुलिन असतं, काही ठिकाणी ४० युनिटचंही मिळतं, आणि दोघांच्या सिरींजा वेगळ्या असतात. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरींजमध्ये '२०' च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली येतं, म्हणजे ५० युनिट, अडीचपट. उलट ४० युनिटचं इन्सुलिन १०० च्या सिरींजमध्ये '२०' पर्यंत भरलं तर ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. पहिल्यात रुग्णाची साखर घसरून तो बेशुद्ध पडतो. दुसऱ्यात साखर खाली येत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत जातात, आणि एके दिवशी बरोबर सिरींज हाती आली की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. व्हायलवरचा आणि सिरींजवरचा आकडा एकमेकांशी जुळवल्याशिवाय सुई टोचायची नाही. इन्सुलिनच्या सिरींजऐवजी साधी २ मिलीची सिरींज तर अजिबात नको. डोस देण्याआधी दोन गोष्टी पाहा: आताची साखर किती, आणि जेवणाचं ताट खरंच येणार आहे का. तपासणीसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला सवयीने इन्सुलिन दिलं जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

इन्सुलिन, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), मॉर्फिनसारखी औषधं, तीव्र पोटॅशियम, केमोथेरपी यांना दुसऱ्या परिचारिकेची तपासणी लागते. ही तपासणी म्हणजे 'बरोबर आहे ना गं?' विचारून मान डोलावून घेणं नव्हे. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, गणित स्वतः करायचं, पहिलीचा आकडा न ऐकता आपला आकडा सांगायचा. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जायचं. हेपारिनची व्हायल १ मिलीमध्ये १,००० युनिटची की ५,००० युनिटची, हे त्या वेळी दोघींनी मोठ्याने वाचायचं.

पोटॅशियम क्लोराइड कधीही सिरींजने थेट शिरेत ढकलायचं नाही. हृदय थांबतं, आणि चूक लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. १५ टक्के द्रावणाच्या १० मिली अँप्यूलमध्ये दीड ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. हातावरच्या शिरेतून देताना ५०० मिली सलाईनमध्ये एकापेक्षा जास्त अँप्यूल नको, आणि वेग तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर लावून आणि डॉक्टरांच्या स्पष्ट लेखी सूचनेनेच. घालण्याआधी लघवी किती होते आहे ते बघा. मूत्रपिंड बंद असेल तर पोटॅशियम बाहेर पडायला वाट नाही. आणि बाटली टांगलेली असताना खालून पोटॅशियम टोचू नका. ते जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशीच बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं एकदम जातं. बाटली काढा, औषध घाला, निदान दहा वेळा उलटसुलट करा, लेबल लावा, मग टांगा.

थेंबांचा हिशोब: एकूण मिली गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) थेंब प्रति मिली, भागिले मिनिटं. साधा सेट बहुधा २० थेंबांना १ मिली देतो (पाकिटावर बघा, १५ चेही असतात), मायक्रो सेट ६० थेंबांना. ५०० मिली चार तासांत, २० च्या सेटने: १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट मोजा. रुग्णाने कोपर वाकवलं, कूस बदलली की वेग बदलतो, म्हणून बसवून निघून जाऊ नका. पंधरा मिनिटांनी परत मोजा. वेगाचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो तो व्हँकोमायसिनला. मिनिटाला १० मिग्रॅपेक्षा जास्त वेग नको, पातळ करून १ मिलीमध्ये ५ मिग्रॅपर्यंतच. म्हणजे १ ग्रॅमसाठी निदान २०० मिली आणि १०० मिनिटं, २० च्या सेटने मिनिटाला ४० थेंब. घाईने सोडलं की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब पडतो. फेनिटॉइन मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा हळू, आणि फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. ग्लुकोजच्या सलाईनमध्ये त्याचे स्फटिक होतात. सेफ्ट्रायाझोन आणि कॅल्शियम असलेलं रिंगर लॅक्टेट एकाच नळीतून एकत्र जाऊ द्यायचं नाही.

लहान बाटलीतून प्रतिजैविक देताना बाटली रिकामी झाली की नळी काढून टाकतात. पण १५-२० मिली औषध नळीतच उरलेलं असतं. ५० मिलीच्या बाटलीत हा डोसचा मोठा हिस्सा झाला. त्याच वेगाने थोडं सलाईन सोडून नळी धुऊन घ्या.

शिरेतून इंजेक्शन देण्याची कृती जवळून पाहिली की संसर्ग कुठून शिरतो ते दिसतं. परिचारिका वॉर्डाच्या दारात हाताला सॅनिटायझर चोळते. पडदा सरकवते, खाटेचा कठडा खाली करते, रुग्णाची उशी नीट करते, त्याचा हात उचलून सुईची जागा बघते, आणि त्याच हातांनी कॅन्युलाचं (शिरेत ठेवलेल्या प्लास्टिकच्या बारीक नळीचं) टोपण उघडून सिरींज लावते. हात 'धुतलेले' असतात, पण ज्या क्षणी लागतात त्या क्षणी नव्हे. हाताच्या स्वच्छतेचे पाच क्षण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कृतीच्या आधी, रक्त-लघवी-थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. यांतला दुसरा सगळ्यात जास्त चुकतो. त्यामुळे सॅनिटायझरची बाटली दारात एक आणि ट्रेमध्ये एक हवी. आधी पडदा, कठडा, उशी, ओळख, ॲलर्जी, सुईच्या जागेची पाहणी हे सगळं उरका. मग ट्रेमधून सॅनिटायझर घ्या, २० ते ३० सेकंद चोळा, आणि त्यानंतर कॅन्युलाशिवाय कशालाही हात लावू नका.

हात कोरडे व्हायला निदान वीस सेकंद लागले नाहीत तर सॅनिटायझर कमी घेतलं होतं. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहून जातात. हात दिसण्याइतके मळले असतील, किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब असतील, तर सॅनिटायझर उपयोगाचं नाही, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणी, एकूण ४० ते ६० सेकंद. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही. एकाच जोडीने चार रुग्णांना हात लावणारा माणूस उघड्या हातांनी काम करणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक असतो, कारण आपण सुरक्षित आहोत असं त्याला वाटत असतं.

पुढची कृती: कॅन्युलाचं तोंड ७० टक्के अल्कोहोलच्या ताज्या स्वॅबने निदान १५ सेकंद घासून पुसायचं आणि वाळू द्यायचं. वाळेपर्यंतच्या वेळात जंतू मरतात. ओल्यावरच सिरींज लावली तर घासण्याचा अर्धा फायदा गेला. १० मिलीच्या सिरींजमध्ये ५ ते १० मिली नॉर्मल सलाईन घेऊन आधी थोडं सोडा. लहान सिरींजने दाब जास्त येतो, म्हणून १० मिलीची. अडथळा लागला, दुखलं, फुगलं तर ढकलायचं नाही. तोंडाशी अडकलेली गुठळी आत लोटण्यापेक्षा नवीन सुई परवडली. सलाईन सहज गेलं तर औषध, ठरलेल्या वेगाने, घड्याळाकडे बघत आणि मधूनमधून रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत. शेवटी पुन्हा सलाईन, एक-एक मिली थांबत थांबत, आणि शेवटचा थोडा भाग जात असतानाच क्लॅम्प बंद, म्हणजे रक्त मागे येऊन नळी चोंदत नाही. या शेवटच्या सलाईनला फार महत्त्व आहे. शस्त्रक्रियेनंतर कॅन्युलात उरलेलं भुलीचं किंवा स्नायू सैल करणारं औषध वॉर्डातल्या पहिल्या इंजेक्शनबरोबर आत गेलं तर रुग्णाचा श्वास थांबू शकतो. ऑपरेशनहून आलेला रुग्ण घेताना 'लाईन फ्लश केली का?' हे विचारूनच घ्या.

सलाईन मात्र कुठून काढता ते बघा. फ्लशसाठी एक ५०० मिलीची बाटली टांगून त्यातून दिवसभर सगळ्यांसाठी काढणं बंद करा. एकदा दूषित सिरींज आत गेली की तिच्यातून पुढच्या प्रत्येकाला जंतू जातात. सुई बदलली म्हणजे सिरींज स्वच्छ झाली, हाही गैरसमज. रक्त सिरींजमध्येही मागे येतं. एक सुई, एक सिरींज, एक रुग्ण, एकदाच. बहुमात्रेच्या व्हायलवर उघडल्याची तारीख लिहा, २८ दिवसांनी किंवा कंपनीने सांगितलेल्या मुदतीनंतर टाका, आणि रबरी बुचात सुई खोचून ठेवू नका. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यांचा डबाही टेबलावरून काढा. तो दिवसभर उघडझाप होतो, हात बुडतात, स्पिरिट उडून जातं, आणि राहतो तो ओला, दूषित कापूस. सुटे, बंद पाकिटातले स्वॅब नसतील तर कोरड्या निर्जंतुक कापसावर ऐन वेळी स्पिरिट ओता.

कॅन्युला घालताना जितकी बारीक चालेल तितकी घाला. साध्या सलाईन-इंजेक्शनांना गुलाबी २० किंवा निळी २२ पुरते. हिरवी १८ रक्त किंवा झपाट्याने सलाईन द्यायचं असेल तेव्हा. त्वचेवर २ टक्के क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल ३० सेकंद घासून वाळू द्या, आणि पुसल्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. पारदर्शक पट्टीवर तारीख-वेळ लिहा. दर ड्युटीला निदान एकदा पट्टीवरून बघा आणि दाबून विचारा: दुखतं का, लाल आहे का, सूज, गरम, कडक दोरीसारखी शीर? यांतल्या दोन गोष्टी दिसल्या की काढा. दर ७२-९६ तासांनी बदलायची की लक्षणं दिसल्यावरच, हे रुग्णालयागणिक वेगळं आहे. पण घाईगर्दीत, स्वच्छता न पाळता घातलेली सुई ४८ तासांच्या आत बदलायचीच. आणि चोवीस तासांत वापरली गेली नाही ती कॅन्युला 'असू दे, लागेल' म्हणून ठेवायची नाही.

नॉरॲड्रेनॅलिन, कॅल्शियम, पोटॅशियम, २५ टक्के ग्लुकोज अशी औषधं शिरेबाहेर झिरपली तर कातडी काळी पडून गळू शकते. सलाईन लगेच बंद करा, पण कॅन्युला उपटू नका. आधी तिच्यातूनच सिरींजने जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढा, हात उंच ठेवा, सुजेच्या कडा पेनाने आखा, डॉक्टरांना बोलवा. शेक गरम की थंड हे औषधावर ठरतं, विचारल्याशिवाय करू नका.

नाकातल्या नळीत औषध सोडण्याआधी नळी पोटातच आहे याची खात्री हवी. हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकणं भरवशाचं नाही. नळी फुफ्फुसात असली तरी तो आवाज ऐकू येऊ शकतो. ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचा आकडा) ५.५ किंवा कमी, आणि नाकाशी नळीवरची खूण जागेवर, हे दोन्ही पाहा. शंका असेल तर एक्स-रे. गोळ्या एकत्र कुटू नका; एकेक बारीक करून पाण्यात, आधी, मध्ये आणि शेवटी १५ ते ३० मिली पाणी. दीर्घ काळ हळूहळू सुटणाऱ्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, फार्मसीकडून पर्याय मागा. तोंडाने द्यायचं औषध तोंडाच्या सिरींजमध्येच भरा. ती शिरेच्या कॅन्युलाला बसत नाही, हाच तिचा उपयोग.

लघवीच्या पिशवीबद्दल एवढंच: मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला न टेकता, दोन तृतीयांश भरली की रिकामी, नमुना हवा तर नळी सोडवायची नाही, नमुन्याच्या जागेतून घ्यायचा. आणि रोज विचारायचं, अजून हवीच का?

क्षयरोग, गोवर, कांजिण्या यांच्या खोलीत एन-९५ मास्क लागतो, साधा तीन पदरी नाही. साधा मास्क रुग्णाने बाहेर जाताना लावायचा. रक्त सांडलं तर आधी शोषणारा कागद टाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट दहा मिनिटं ठेवा, मग उचला. ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. ते रोज ताजं करायचं, कारण उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडतो. फिनाइल, ॲसिड किंवा दुसरं कोणतंही क्लीनर त्यात मिसळायचं नाही.

सुयांचा डबा हाताच्या अंतरावर ठेवा, पाऊण भरला की बंद. सुईला टोपण परत बसवायचं नाही. बसवावंच लागलं तर टोपण टेबलावर ठेवून एका हाताने सुईने उचला. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, स्पिरिट चोळत बसू नका, डोळ्यात उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने धूत राहा. लगेच कळवा, ड्युटी संपल्यावर नाही. एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो, प्रतिबंधक गोळ्या पहिल्या काही तासांतच सुरू व्हाव्यात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. हिपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तीन डोस घेऊन एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासली नसेल तर ते काम याच आठवड्यात करून टाका.

राहिली नोंद. सही औषध दिल्यानंतर, त्याच खाटेशी. आधी केली आणि रुग्ण एक्स-रेला गेलेला निघाला तर डोस कागदावर गेला, अंगात नाही. दुपारच्या परिचारिकेला ते कळण्याचा मार्गही नाही. न दिलेल्या डोसची चौकट रिकामी ठेवू नका; उपाशी, उलटी, औषध नाही, नकार, जे असेल ते कारण लिहा. वेदनेचं औषध दिलं तर ते उतरलं का याचीही नोंद हवी. मॉर्फिन शिरेतून दिल्यावर १५-२० मिनिटांनी परत जाऊन श्वास मोजा. मिनिटाला दहाच्या खाली आणि हाक मारल्यावर डोळे उघडत नसतील तर ऑक्सिजन, मदतीची हाक आणि नॅलोक्सोन (मॉर्फिनवरचा उतारा).

इंजेक्शन चालू असताना गांधी, घरघर, ओठांची सूज, रक्तदाब खाली आला तर औषध थांबवा, रुग्णाला आडवा करा, पाय वर घ्या. दम लागत असेल तर टेकवून बसवा. मोठ्या माणसाला ॲड्रेनॅलिन ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीमध्ये १ मिग्रॅ असलेल्या अँप्यूलचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. पाच मिनिटांत फरक नसेल तर परत. हे शिरेतून देण्याचं काम वॉर्डातल्या परिचारिकेचं नाही. स्टिरॉइड आणि ॲव्हिल (खाज-गांधीवरचं ॲलर्जीचं औषध) नंतर. ती आधी भरत बसल्याने मोलाची मिनिटं जातात.

आणि चुकीचं औषध किंवा चुकीची मात्रा गेल्याचं लक्षात आलं, तर चार्ट दुरुस्त करायला धावू नका. आधी रुग्णाकडे जा: औषध अजून जात असेल तर बंद करा, नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, इन्सुलिन असेल तर साखर. मग डॉक्टरांना नेमकं सांगा: काय, किती, कोणत्या मार्गाने, किती वाजता. व्हायल, सिरींज, बाटली फेकू नका, पिशवीत घालून बाजूला ठेवा. रुग्णाला किंवा नातेवाइकांना डॉक्टरांसोबत सांगा. नोंदीत खाडाखोड नको. जे गेलं ते आणि जे केलं ते वेळेसकट लिहा. घटनेचा वेगळा फॉर्म त्याच ड्युटीत भरा, आणि जिथे दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्यूल शेजारी होत्या तिथला कप्पाही त्याच दिवशी बदलून घ्या.